टाकीवरचा पांढरा ठिपका

आमचे भाऊजी ताईशी लग्न करायचं ठरवून पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी बाबांना विचारलं, "आपण काय करता?" बाबा म्हणाले, "माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे." चहा झाला, इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या, भाऊजी गेले. आठवड्याने पुन्हा आले, त्याच खुर्चीत बसले आणि पुन्हा विचारलं, "आपण काय करता?" तेच उत्तर दोनदा देणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "सायकलींचा छोटासा कारखाना आहे." तिसऱ्या खेपेला भाऊजींनी बाबांना आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः बाबांच्या खुर्चीत बसले आणि समोरून तोच प्रश्न टाकला. तोवर बाबांचा कारखाना बराच वाढला होता.

ताईला मात्र त्यांनी तिन्ही वेळा विचारलं, "तुला माझ्यात काय आवडलं?" आणि ताईने तिन्ही वेळा एकच सांगितलं, "तुम्ही हळू चालता." ती त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली तेव्हा ते म्हणाले, "तू दाणा आहेस. तुझे वडील खरखर आहेत." इतकं प्रेमाचं आपल्याशी कधी कोणी बोललं नव्हतं, असं ताई अजून सांगते. मी तिची धाकटी बहीण, शाळेत गणित शिकवते. त्या वाक्यात प्रेम नक्की कुठे आहे, ते मला आजवर सापडलेलं नाही.

दाणा आणि खरखर म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय भाऊजी कळायचे नाहीत. सांगितल्यावर कळतील, याचीही हमी मी देत नाही.

भाऊजी पाणीपुरवठा खात्याच्या तळघरात बसतात. या खात्याने एकेकाळी प्रत्येक नळाचा, पंपाचा आणि गटाराच्या झाकणाचा फोटो काढून ठेवला आहे. का, ते विचारायला आता कोणी उरलेलं नाही. त्या निगेटिव्ह आता वाकड्या व्हायला लागल्यात, त्यांना आंबूस वास येतो, म्हणून त्या पुरत्या बिघडायच्या आत स्कॅन करून कॉम्प्युटरवर घ्यायच्या, हे भाऊजींचं काम. फोटो खूप मोठा करून बघितला की त्यात बारीक बारीक कण दिसतात. त्यातले काही फिल्मचे स्वतःचे असतात. फिल्मवरचं चित्र त्या कणांचंच बनलेलं असतं. तो दाणा. काही कण मात्र स्कॅनर आपल्या मनाने घालतो, स्टेशन नीट लागलं नाही की रेडिओ खरखरतो तसा. ती खरखर. आकाशात ती फार, कारण निगेटिव्हवर आकाश काळंकुट्ट असतं आणि काळ्यातलं मशीनला धड दिसत नाही. दाणा ठेवायचा, खरखर काढायची. दाणाही काढला तर फोटोतली माणसं मेणाची दिसायला लागतात.

आता हे दोन्ही कण दिसायला भाऊभाऊ. ते वेगळे काढायची भाऊजींची रीत अशी की एकच निगेटिव्ह पुन्हा पुन्हा स्कॅन करायची. जो कण दर वेळी त्याच जागी सापडतो, तो दाणा. जो आत्ता इथे आणि मग तिथे, ती खरखर. शेवटी निगेटिव्ह फिरवून, डोकं खाली करून स्कॅन करायची, कारण मशीनलाही स्वतःचे काही कायमचे डाग असतात. फिल्मबरोबर जो फिरला तो फिल्मचा. जागेवर ठिय्या देऊन बसला तो मशीनचा.

ही रीत तळघरात ठेवून भाऊजी घरी आले असते तर मला लिहायला काही उरलं नसतं. पण ते तिला सगळीकडे घेऊन हिंडतात. रस्ता विचारायचा तर वेगवेगळ्या माणसांना विचारतात, आणि ठिकाणावर पोचल्यावर परत जायचा रस्ताही विचारतात, तो जुळतो का बघायला. पोट दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेले की तपासायच्या टेबलावर एकदा सरळ झोपतात आणि एकदा डोक्याकडे पाय करून. दोन्हीकडून दुखलं तर दुखणं पोटाचं, नाहीतर टेबलाचं. डॉक्टरांनी पहिल्या वेळी हुज्जत घातली. आता ते भाऊजी आले की उशी मधोमध ठेवतात.

आई दर आठवड्याला त्यांच्यासाठी घरी बिस्किटं करून डब्यात देते. ती बिस्किटं कोणाच्या दातांना झेपत नाहीत. भाऊजी मात्र ती कामावर नेऊन निमूटपणे खातात, कारण ती प्रत्येक वेळी अगदी तशीच असतात.

आता बाबांबद्दल. बाबांना थापा मारायचा नाद होता हे गल्लीत कोणी लपवत नसे, बाबा तर मुळीच नाही. पण एक थाप त्यांची लाडकी होती. आमच्या गल्लीच्या मागे टेकडी आहे, तिच्यावर लोखंडी खांबांवर उभी केलेली पाण्याची मोठी टाकी आहे. तिचं उद्घाटन झालं त्या दिवशी आपण टाकीच्या माथ्यावर चढलो होतो, असं ते सांगत. खात्याच्या माणसांशिवाय तिथे कोणाला पाय ठेवू देत नाहीत, मग सायकलवाल्याला कोणी चढू दिलं? त्याचं कारण दर वेळी नवं असे. 'टाकी' हा शब्द कानावर पडला की आई उठून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी घासायला काढायची, घासून ठेवलेली असली तरी. जाता जाता पाहुण्यांना सांगायची, "झाली यांची टाकी सुरू." बाबा तिच्या पाठीकडे बघून क्षणभर थांबायचे आणि पुढे सांगायला लागायचे.

लग्नानंतर एकदा सगळे जमलेले असताना बाबांनी नव्या जावयाला टाकी ऐकवली. भाऊजी शांतपणे ऐकून म्हणाले, "पुन्हा सांगा." आयुष्यात बाबांना कोणी पुन्हा सांगा म्हटलं नव्हतं. ते इतके खूश झाले की त्यांनी नव्या कारणासकट पुन्हा सांगितली. भाऊजी म्हणाले, "अजून एकदा." तीही झाली. मग भाऊजी म्हणाले, "आता शेवटाकडून सुरुवातीकडे सांगा." बाबांनी मांडी बदलली, घसा साफ केला आणि आधी टाकीवरून खाली उतरले, मग वर पोचले, मग चढले, आणि घाम पुसत सकाळी अंथरुणातून उठले. भाऊजींनी थोडा विचार केला आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "बाबा, ही सगळी खरखर आहे." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. डॉक्टर सर्दी आहे म्हणून सांगतो, तसंच ते सांगत होते. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मी काय कधीची सांगतेय?"

त्यानंतर बाबांनी टाकी काढली नाही. बाकीच्या थापा चालू होत्या, पण त्यात जीव नव्हता. गेल्या वर्षी बाबा गेले. मग एकदा दुपारी आई घासलेली भांडी पुन्हा घासत होती, तेव्हा मी विचारलं, "आई, आता कशाला?" ती म्हणाली, "सवय." आणि थोड्या वेळाने, "यांची टाकी मी कधी शेवटपर्यंत ऐकलीच नाही गं."

इकडे खात्याची नवी इमारत बांधून झाली. तिच्या दर्शनी भिंतीवर टाकीच्या उद्घाटनाचा भलामोठा फोटो लावायचं खात्याच्या प्रमुख बाईंनी ठरवलं. ती निगेटिव्ह शोधायचं काम अर्थातच भाऊजींकडे आलं. ती त्यांना सापडली, त्यांनी ती स्कॅन केली, आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन बूटही न काढता ते दारातच उभे राहिले.

"आई, टाकीवर काहीतरी आहे," ते म्हणाले. "मागच्या डोंगराच्या काळ्या भागावर पांढरा ठिपका आहे. निगेटिव्हवर धूळ बसली तर ती फोटोत पांढरीच येते, त्यामुळे मी तूर्त धूळच धरून चाललोय. तुम्हीही धूळच धरा."

आईने हातातला टॉवेल खाली ठेवला. "त्या दिवशी यांनी पांढरा शर्ट घातला होता," ती म्हणाली.

"आई, धूळ धरा."

"तुम्ही तपासा, जावईबापू," आई म्हणाली. "आयुष्यभर मी त्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं. ते तिथे नव्हते, तर माझं बरोबर होतं. होते, तर मला कळू दे. जाताना ती टाकी तोंडातच राहिली असेल त्यांच्या."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला दांडी मारली आणि आईला घेऊन तळघरात गेले. तिथे एक पंखा, दोन टेबलं, आणि 'येथे खाऊ नये' अशी पाटी. पाटीखाली आमचा बिस्किटांचा डबा. भाऊजींनी सुती मोजे हातात चढवले होते. निगेटिव्ह त्यांनी आधीच दोन काचांच्या मधल्या चौकटीत बसवलेली होती. तिच्या कडा तडकायला आल्या होत्या, म्हणून ती पुन्हा बाहेर काढायला ते धजत नव्हते. ते चौकटही बाळंतिणीच्या खोलीतून पाळणा न्यावा तशी नेत होते. एरवी मी हसले असते.

एकदा स्कॅन झाला. ठिपका होता. दुसऱ्यांदा झाला. आकाशातली खरखर इकडची तिकडे झाली, ठिपका होता तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. भाऊजींनी तो मोठा करून दाखवला. वर निमुळता, मध्ये रुंद, आणि एका बाजूला बारीकसा कोपरा बाहेर आलेला.

"हात कमरेवर ठेवलाय," आई म्हणाली. "असेच उभे राहायचे. कोणाचं ऐकायचं नसलं की."

"अजून एक बाकी आहे," भाऊजी म्हणाले. त्यांनी चौकट उचलली, फिरवली आणि उलट्या दिशेने मशीनमध्ये सरकवली. पडद्यावर टाकी उलटी आली, डोंगर वरून खाली लोंबायला लागला, आणि बाबाही डोकं खाली, पाय वर करून टाकीला चिकटलेले.

"सरळ करा आधी त्यांना," आई म्हणाली. "पडतील."

भाऊजींनी चित्र सरळ केलं. मग मोजे काढले, ते कधी नव्हे ते खाली पडले, आणि ते म्हणाले, "फिल्मबरोबर फिरले. आई, बाबा फिल्मवर आहेत." आई टेबलाला धरून उभी होती. ती रडत होती, आणि तिला रडताना पाहून मीही.

पुढचे काही दिवस आमच्या घरात बाबांना जे महत्त्व आलं ते त्यांना जिवंतपणी कधी मिळालं नव्हतं. आईने ट्रंकेतून त्यांचा पांढरा शर्ट काढला, इस्त्री केला आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर चढवला. येताजाता ती शर्टाला म्हणे, "चुकलंच हो माझं." तिने गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं की हे टाकीवर होते, खात्याकडे पुरावा आहे. मामा, म्हणजे आईचा भाऊ, खास फोटो बघायला येऊन राहिला. भाऊजींनी घरच्यासाठी छापून दिलेल्या प्रतीवर त्याने भिंग लावलं आणि म्हणाला, "दाजी जरा वाळलेले दिसतात."

आणि मग एका दुपारी भाऊजी पळत आले. हळू चालतात म्हणून ज्यांच्यावर ताई भाळली, तो माणूस भर उन्हात पळत आला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे आम्ही ओळखलं.

"बाबा सगळीकडे आहेत," ते धापा टाकत म्हणाले.

आईला आधी ते बरं वाटलं. तिला वाटलं, सांत्वन करतायत. पण भाऊजी शब्दशः सांगत होते. टाकीचं काम संपल्यावर त्यांनी त्याच चौकटीत पुढच्या निगेटिव्ह घातल्या. पहिलीत बाबा पंपाच्या तोंडात उभे होते. दुसरीत एका नळाच्या तोटीखाली. तिसरीत जुने मुख्य अभियंते खुर्चीवर बसले होते, आणि त्यांच्या टकलाच्या मधोमध बाबा, हात कमरेवर ठेवून.

"मी चौकटीसकट फिरवली," भाऊजी म्हणाले. "फिल्म तडकेल म्हणून बाहेर काढली नाही. बाबांची फिल्म म्हणून जास्तच जपलं. काच फिल्मबरोबर फिरली, मग काचेवर जे बसलं होतं तेही फिरणारच. कोणीही करेल अशी चूक नाही ही. ही फक्त मीच करू शकतो."

"काचेवर काय होतं?" ताईने विचारलं.

भाऊजींनी खिशातून औषधाच्या गोळ्यांची डबी काढली आणि उघडून आईसमोर धरली. आत एक कण होता. वर निमुळता, मध्ये रुंद, एका बाजूला कोपरा.

"बिस्किट," ते म्हणाले.

आईने चष्मा लावून डबीत बराच वेळ बघितलं. "म्हणजे यांना टाकीवर मीच चढवलं," ती म्हणाली आणि हसायला लागली. आम्हीही हसलो. मग आम्ही थांबलो आणि ती थांबेना, आणि ते हसणं राहिलं नाही. मग ती उठली, खुर्चीवरचा शर्ट काढला, बाह्या आत दुमडून त्याची घडी घातली. भाऊजींनी सांगून बघितलं की फोटो एका क्षणाचा असतो, बाबा आधी चढले असतील, नंतर चढले असतील. आई म्हणाली, "पुरे." तिच्याकडे बघवत नव्हतं. मला भाऊजींचा असा संताप आला की त्यांना चौकटीत घालून उलटं फिरवावंसं वाटलं.

शर्ट ट्रंकेत ठेवून आई स्वयंपाकघराकडे निघाली. भाऊजी दारात आडवे उभे राहिले. हा माणूस कोणाच्या आडवा येत नाही.

"आई, आज भांडी नाही," ते म्हणाले. "बसा. मी बाबांना तीनदा ऐकलं आणि जे हलतं तेवढंच बघितलं. जे हलत नाही ते मी बघितलंच नाही. असं मी फिल्मला कधी केलं नाही, बाबांना केलं. आता तुम्ही सगळे सांगा. ज्याला त्यांनी टाकी जशी सांगितली, तशी. आपल्या पदरचं काही घालायचं नाही."

आई बसली. टाकीची गोष्ट चालू असताना आई खुर्चीत बसलेली मी पहिल्यांदा पाहत होते.

मामाने सुरुवात केली. त्याला सांगितलेल्या गोष्टीत टाकीच्या झडपेचा नट अडकला होता आणि तो फिरवणारा पाना फक्त बाबांच्या दुकानात होता. उद्घाटनाचे पाहुणे ताटकळले, बाबांना बोलावून आणलं, बाबा चढले. "नट सैल केला आणि वरून बघतात तर सगळं गाव खाली पसरलेलं. गच्च्याच गच्च्या. एका गच्चीवर एक बाई बादलीत पाय घालून बसली होती म्हणे. मग दाजी उतरले आणि पाहुण्यांनी हात मिळवला."

ताईच्या गोष्टीत पानाही नव्हता आणि नटही नव्हता. वाऱ्याने पाहुण्यांची टोपी उडून टाकीवर गेली होती. बाबांनी वर जाऊन ती आणली. "टोपीत पक्ष्याचं पीस सापडलं, असंही होतं काहीतरी. आणि ती बाई. बादलीत पाय घातलेली."

मला बाबांनी सांगितलं होतं की न्हाव्याशी पैज लागली होती आणि ते वर जाऊन एका पायावर उभे राहिले. त्या बाईचं मी विसरलेच नव्हते, कारण तिचं सांगताना बाबा स्वतःच डोळे मिटून मान मागे टाकायचे, तशी ती बसली होती म्हणून. लहानपणी मला ती गोष्टीतली सगळ्यात बिनकामाची जागा वाटायची. मी म्हणायचे, बाबा, बाईचं राहू दे, पैजेचं सांगा.

भाऊजी शेवटी बोलले. "मला त्यांनी उलटी सांगितली तेव्हा ते आधी खाली उतरले. मग ती बाई आली, बादलीत पाय, डोळे मिटलेले. मग ते चढले. नट बदलला, टोपी बदलली, पैज बदलली. ती बाई सरळ गोष्टीत तिथेच आहे आणि उलट्या गोष्टीतही तिथेच आहे. आई, ही बाई दाणा आहे. कोण आहे ते मला माहीत नाही."

आईने एक पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवला, मग पुन्हा खाली ठेवला.

"मी होते ती," ती म्हणाली.

मग ती सांगायला लागली. "टाकी व्हायच्या आधी पाणी लांबून आणायला लागायचं. तांब्या तांब्या मोजून वापरायचं. ही पोटात होती," तिने ताईकडे बोट केलं, "आणि पाय असे सुजले होते की चपलेत जात नव्हते. त्या दिवशी सगळं गाव उद्घाटनाला गेलं. तुमची आजीसुद्धा. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. आणि प्यायच्या पाण्याची भरलेली बादली घेऊन गच्चीवर गेले आणि पाय घालून बसले. चांगला तासभर. मग ते पाणी ओतून दिलं. आमच्या गच्चीच्या भिंती डोक्याइतक्या उंच. रस्त्यावरून दिसत नाही, शेजारून दिसत नाही. बघणारा आकाशातून बघेल तरच."

"किंवा टाकीवरून," भाऊजी म्हणाले.

"आजी आल्या, बादली रिकामी. मी म्हटलं लवंडली. त्या ओरडायला लागल्या, तेवढ्यात हे आले. आल्या आल्या म्हणाले, माझा पाय लागला, मी लवंडली. अहो, हे तर घरी नव्हतेच. मला वाटलं, खोटं बोलायची खोड आहे, बोलले. मी मनात म्हटलं, आज कधी नव्हे ती यांची थाप कामी आली." आई थांबली. "त्यांनी बघितलं होतं मला. आणि इतकी वर्षं सगळ्यांना सांगत होते, पण नाव घेतलं नाही. मी समोर असताना सांगायचे. मला ऐकवायचं होतं त्यांना. आणि मी त्या बाईपर्यंत पोचायच्या आत भांडी घासायला जायचे."

ताई रडत होती. मामा भिंगाशी चाळा करत होता. मला बाबांची इतकी आठवण आली की गणितातली कुठलीच रीत तिथे कामाची नव्हती.

मग आई म्हणाली, "तो कण ठेवलाय ना तुम्ही?"

"ठेवलाय," भाऊजी म्हणाले.

"परत लावा."

भाऊजींचा चेहरा पडला. "आई, तो मोठा फोटो खात्याच्या भिंतीवर लागणार आहे. मी त्यात घाण कशी ठेवू?"

"माझ्या बिस्किटाला घाण म्हणता?"

"तसं नाही, पण ते फिल्मवर नव्हतं."

"पण हे टाकीवर होते," आई म्हणाली. "आणि आधी होतं तिथे नको. त्या बाजूने आमची गच्ची दिसत नाही. उजवीकडे घ्या, कठड्याच्या टोकाला."

त्यानंतर चार दिवस भाऊजींनी धड जेवण केलं नाही, असं ताई सांगते. उभा जन्म ज्यांनी कचरा वेचून काढला, त्यांना तो हाताने पेरायचा होता. पाचव्या दिवशी त्यांनी बारीक ब्रशने काचेवर तो कण कठड्याच्या टोकाला ठेवला, तपासून पाहिला, आणि अर्धा केसभर उजवीकडे सरकवला. मग स्कॅन केला. सवयीने तीन वेळा. तिन्ही वेळा बाबा तिथेच होते. खात्याच्या प्रमुख बाईंनी फोटो पाहून विचारलं, "हा ठिपका काढायचा राहिला का?" भाऊजी म्हणाले, "नाही, तो तपासलेला आहे." त्यांचा शब्द खात्यात कोणी मोडत नाही.

नव्या इमारतीत फोटो लागला, तेव्हा आम्ही आईला घेऊन गेलो. भिंतभर टाकी, भिंतभर डोंगर, आणि कठड्याच्या उजव्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढे बाबा. आई खाली उभी राहून मान वर करून बघत होती. दारावरचा पहारेकरी जवळ आला आणि त्याने विचारलं, "वर कोणी उभं आहे का हो ते?"

"आमचे हे," आई म्हणाली. "उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांची बोलायची वेळ झाली आणि टाकीवर मांजर अडकलं. कोणी चढेना. मग हे चढले."

मांजराचं मी आजवर ऐकलं नव्हतं. मी भाऊजींकडे बघितलं. ते कान देऊन ऐकत होते.

"मांजर उतरवलं," आई सांगत होती, "आणि वरून बघतात तर काय, एका गच्चीवर एक बाई बादलीत पाय घालून बसलेली. डोळे मिटून."

"कोण बाई?" पहारेकऱ्याने विचारलं.

आईने पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

"ते यांनी कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.